गायी शोधायचं क्रियापद

"लिंबू डाव्या हातात धर," त्रिशलामावशी मला म्हणाली. "काल उजव्या हातात होतं, जमलं न्हाई. आज डाव्यात धरून बघ."

मी लिंबू डाव्या हातात घेतलं. मावशीच्या हातात पाण्याचा कलश होता, त्यावर नारळ. तिच्या शेजारी बाबगोंडाकाका धुतलेलं धोतर नेसून, दोन्ही हातांत केळी घेऊन उभे होते. समोरच्या दारात चौगुल्यांचं नवं जोडपं उपरण्याला शेल्याची गाठ बांधून, हातांत ऊस धरून उभं. त्यांच्या पलीकडे एका आजीनं दोन्ही हातांनी डोक्यावर कळशी धरली होती आणि मान डुगडुगत असल्यामुळे तिच्या अंगावर पाणी सांडत होतं. सगळी गल्ली अशी नटूनथटून, श्वास धरून उभी. फोटोग्राफर तेवढा यायचा राहिलाय असं वाटावं.

मग महाराज आले. उजव्या हाताची बोटं खांद्याला लावलेली, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. नजर चार पावलांपुढं, जमिनीवर. प्रत्येक दारासमोर क्षणभर डोळे वर उचलायचे, की पुढं. दोन्ही बाजूंनी एकच घोष: "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ." इथं थांबा, इथं थांबा. आमच्या दाराशी त्यांनी डोळे वर केले, लिंबाकडे पाहिलं असं मला वाटलं, आणि ते पुढं गेले. गल्लीच्या टोकाला पोचले, वळले आणि बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, परत गेले. उपाशी.

"आज दुसरा दिवस," मावशी म्हणाली आणि कलश खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

ज्यांना आमच्यातली ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत जेवतात. पाणीसुद्धा तेव्हाच. आणि निघताना कधी कधी मनात एक नियम धरतात, की अमुक दिसलं तरच त्या दारात थांबायचं. त्याला विधी म्हणतात. तो कुणाला सांगायचा नसतो. विधी मिळाला नाही, की माघारी. काही मुनी तर मिळेपर्यंत तोच विधी धरून ठेवतात. लोकांनी मग आपापल्या परीनं ओळखत बसायचं.

हे श्रुतभद्र महाराज चातुर्मासासाठी मावशीच्या गावी, माळेवाडीत उतरले होते. दीक्षेच्या आधी ते माझे मामा होते. माझी आई आणि त्रिशलामावशी यांचे थोरले भाऊ. आई जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, म्हणजे पूर्वीच्या घरातली आता एकटी मावशीच उरली होती. पण दीक्षा घेतली की नातं संपतं. त्यांना मामा म्हणायचं नाही, मावशीनं आण्णा म्हणायचं नाही. मावशी ते कसोशीनं पाळायची आणि दिवसातून दहा वेळा चुकायची.

मी तेव्हा कोल्हापुरात अर्धमागधी घेऊन एम.ए. करत होते. माळेवाडीला आले होते ती पुण्य मिळवायला नव्हे, एक प्रश्न विचारायला. मामा पूर्वी शाळामास्तर होते आणि त्यांच्याइतकं प्राकृत वाचलेला माणूस आमच्या भागात नव्हता. पण विधी मिळेना म्हणून त्यांनी मौन धरलेलं. माझा प्रश्न पिशवीतच पडून होता.

त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून आम्ही लवकर पानांवर बसलो, तेव्हा काकांनी विषय काढला.

"तू आलीस कशाला ते तरी सांग की. कसला प्रश्न म्हणायचा?"

"एका क्रियापदाचा आहे काका. गवसणं."

"ह्यात काय प्रश्न? गवसणं म्हणजे गावणं. सापडणं."

"हां. पण शब्द आला कुठून? संस्कृतात गवेष्. गो अधिक एष. गो म्हणजे गाय, एष म्हणजे इच्छा करणं, शोधणं. म्हणजे मुळात, गाय हुडकणं."

काकांचा घास हातातच राहिला. "गाय?"

"गायच. फार जुन्या काळी गायी हीच दौलत. वेदांच्या भाषेत गविष्टि म्हणजे गायींची इच्छा, आणि त्याचाच दुसरा अर्थ लढाई. पुढं गाय सुटली, नुसतं शोधणं राहिलं. प्राकृतात गवेसइ म्हणजे शोधतो. मुनी निर्दोष आहार शोधतात, त्यालासुद्धा शास्त्रात गवेषणा म्हणतात. इथवर सगळं सरळ आहे. मराठीत आल्यावर गडबड होते. 'गवेसइ' शोधणाऱ्याचं होतं. आपलं 'गवसणं' सापडणाऱ्याचं झालं. शोधणारा बाजूलाच राहिला. हे असं कसं उलटलं, तेवढंच विचारायचंय. आमच्या सरांनाही माहीत नाही."

"आणि गोचरी?" काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "मुनी आहाराला जात्यात त्याला गोचरी म्हणत्यात न्हवं? म्हणजे गायीचं चरणं!"

"हो. गाय जशी चरताना गवत मुळासकट उपटत नाही, तसं कुणाला त्रास न देता घ्यायचं."

"म्हणजे गवेषणेत गाय, गोचरीत गाय." काकांनी पाटावरून मावशीकडे पाहिलं. "अगं, शास्त्रातच गाय हाय की! आणि आपण लिंबं धरून बसलाय!"

"काका, तसं नाही ते. हे शब्दाचं मूळ झालं. त्याचा आणि विधीचा..."

"तू शिकलेली हाईस, तुला काय सापडलंय ते तुझं तुलाच कळेना," असं म्हणून काकांनी हात धुतला आणि चपला घालून ते बाहेर पडले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली होती, त्यामुळे ओळखीची माणसं अख्ख्या पंचक्रोशीत. ट्रॅक्टरवाले, गाडीवाले, गोठेवाले. मावशी नुसती बघत राहिली. "आता ह्यो माणूस काय करतोय बघ," ती म्हणाली.

सकाळी दार उघडलं तर गल्लीत गायी.

बेंदराला बैल सजवतात तशा सजवलेल्या. शिंगांना हिंगूळ, गळ्यात झेंडूच्या माळा. ज्यांच्याकडे गाय नव्हती त्यांनी म्हैस आणली होती, आणि एकानं तर तेवढंही न जमल्यामुळे शेळी उभी केली होती आणि तो कुणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हता. काकांनी कुणाच्या तरी गोठ्यातली एक धिप्पाड जर्सी आणली होती. तिला गल्ली, माणसं, झेंडू, काहीच पसंत नव्हतं. माणसं दबक्या आवाजात एकमेकांना सांगत होती, "शास्त्रात हाय म्हणं. कोल्हापूरच्या पोरीनं दावलं."

मी काकांना म्हटलं, "मी असं म्हटलं नव्हतं."

"गप उभी ऱ्हा. महाराज आले."

महाराज गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. आदल्या दिवसापेक्षा त्यांचा चेहरा खोल गेला होता, ओठ फुटलेले दिसत होते. ते पाहताच सगळ्यांनी एकदम घोष सुरू केला आणि तिथंच घात झाला. जर्सीनं मान झटकली, काकांच्या हातातली केळी एका घासात सालासकट खाल्ली आणि दावं तोडून ती सुटली. तिच्या मागं दोन म्हशी. शेळी ओरडली, समोरच्या नव्या जोडप्याची गाठ एका शिंगात अडकली, एक पोरगं गटाराशी पडलं आणि त्याची आई किंचाळली. महाराज भिंतीला पाठ लावून स्तब्ध उभे राहिले. जनावरं शांत होईपर्यंत पापणी हलली नाही. ते पोरगं उठून आईला बिलगलेलं त्यांनी पाहिलं. आपल्यामुळे जिवांना त्रास होतोय असं दिसलं की मुनी पुढं जात नाहीत. ते वळले.

तिसरा दिवसही गेला.

मावशीनं कलश आदळला आणि ती काकांवर अशी तुटून पडली की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. "तुमच्या गायीनं माझ्या भावाचा घास खाल्ला!" म्हणाली, आणि शब्द तोंडातून गेल्यावर पदर तोंडावर धरला. काका खाली मान घालून बसले. पुढ्यात टाकलेली वैरण हुंगत जर्सी आमच्याच अंगणात उभी होती. तिला परत नेण्याचंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

दुपारी गावातली जाणती मंडळी बस्तीच्या कट्ट्यावर जमली. डॉक्टर आमच्यातलेच, ते स्पष्ट बोलले. "पाण्याविना आणखी एक-दोन दिवस. पुढचं मी सांगत न्हाई." मग कुणी म्हणालं, महाराजांना विनवूया, त्यांनी नियम सोडावा. ती सूचना तिथंच विरली, कारण मोडायचा नियम कुणी धरत नाही.

मावशी बायकांच्या बाजूला बसली होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "माझ्या दारात नको गं. कुणाच्याबी दारात थांबू दे. पण उद्या थांबू दे." तिचा हात माझ्या मनगटावर होता. दुखेल इतका तो घट्ट होता. त्या क्षणी माझा प्रश्न मला फार लहान वाटला, आणि गंमत अशी की तरीही तो डोक्यातून जात नव्हता. शोधणारा आणि शोधलेला, एक गल्ली, दोन बाजूंना दारं. इथं शोधतंय कोण?

उपाय काकांनीच काढला. पश्चात्तापानं माणसाला काय जोर येतो! त्यांनी गल्लीतल्या घरांची वाटणी केली. आजवर प्रत्येक जण मनाला येईल ते धरत होता, त्यामुळे काही वस्तू चार-चार दारांत आणि काही कुठंच नाहीत असं व्हायचं. आता पहिल्या घरी नुसता कलश, दुसऱ्या घरी श्रीफळ, तिसरीकडे ऊस, मग हळकुंड, आरसा, पेरू, सुपारी, तांदळाचं ताट, कमळ. आणि त्या धरायला कुठं एकटी बाई, कुठं एकटा पुरुष, कुठं जोडपं, कुठं तीन पिढ्या. "एकबी वस्तू राहायला नको," काका म्हणत होते, "मग कसा चुकतोय विधी!" खरंच, मला त्यात खोट काढता आली नाही. वजनकाट्यावरचा माणूस, दोन्ही पारडी बघणारा. गावानंही माना डोलावल्या. आमच्या वाट्याला आलं: एकटी बाई, हातात कलश, कलशावर नारळ.

रात्री पाऊस झाला. सकाळी गल्लीतली शहाबादी फरशी ओली होती. काका गल्लीच्या तोंडाशी उभे राहून कुणी काय धरलंय ते तपासत होते. मला चौक्यात, म्हणजे आहाराच्या स्वयंपाकघरात, दुधाकडे बघायला बसवलं होतं. पण माझ्यानं राहवलं नाही आणि मी उंबऱ्याच्या आत, मावशीच्या पाठीमागं येऊन उभी राहिले. मावशी एकटीच दारात.

महाराज आले. आज पावलं मोजून टाकल्यासारखी पडत होती. पहिलं दार, दुसरं, ऊसवाले, आरसेवाले. कुठंच थांबेनात. ज्या दारावरून ते पुढं जात तिथला घोष विझत जाई, त्यामुळे गल्ली एका बाजूनं मुकी होत आमच्याकडे सरकत होती.

आमच्या दाराच्या अलीकडे त्यांचा पाय फरशीवर सरकला.

फार नाही, वीतभर. पण त्या अंगात सावरायचं बळ कुठलं? ते पुढं झुकले. मावशीच्या हातून कलश सुटला. नारळ पायरीवर आपटला, पाणी सगळीकडे उडालं आणि ती दोन्ही हात पसरून धावली. दोन पावलं. मग एकदम थांबली, कारण मुनींना बाईनं स्पर्श करायचा नसतो. महाराजांनी भिंतीशी पिंछीचा हात टेकवून स्वतःला सावरलं. ती त्यांच्यापुढं हातभर अंतरावर, पसरलेले हात तसेच हवेत. ते कुठं न्यावेत हे तिला कळेना. शेवटी तिनं ते जोडले.

महाराज उभे राहिले.

आधी मला वाटलं, दम घेतायत. गल्लीलाही तसंच वाटलं असणार. पण ते पुढं जाईनात. बोटं खांद्यालाच होती. डोळे वर होते, मावशीच्या हातांकडे.

"मावशी," मी आतून म्हटलं, "म्हण."

तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मावशी, ते थांबलेत. म्हण!"

"हे..." ती म्हणाली आणि पुढचा शब्द 'आण्णा' येतोय असं मला स्पष्ट दिसलं. तो तिनं गिळला. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ."

महाराज आमच्या दाराकडे वळले. तेव्हा गल्लीत जो जयजयकार झाला, तो ऐकून जर्सी पुन्हा सुटली असं नंतर कळलं. कुणाला पर्वा!

आहार कसा झाला ते थोडक्यात सांगते, कारण मी तो नीट पाहिलाच नाही, मी मावशीकडे बघत होते. पाटावर उभे राहून त्यांनी ओंजळ पुढं केली. मावशीनं पहिलं पाणी घातलं. ओंजळीत केस पडला, काही पडलं, तर तिथंच सगळं संपतं. म्हणून मावशीनं डोळे एवढे ताणून उघडे ठेवले होते की पापणीसुद्धा लववत नव्हती. पाणी, मग दूध, मग भात. एकही थेंब तिच्या डोळ्यातून गळला नाही. कसा आवरला ते तिचं तिला माहीत.

दुपारी बस्तीत सगळं गाव लोटलं. महाराजांच्या चेहऱ्यावर तरतरी आलेली दिसत होती. मौन सुटलं होतं. काकांनी मला पुढं ढकललं. "विचार तुझं. तेवढ्यासाठी आलीस न्हवं."

मी विचारलं. गो आणि एष, गवेसइ, गवसणं, सगळं सांगितलं. महाराज ऐकताना हसायला लागले. मास्तर असताना असेच हसत असतील.

"शास्त्रात याचं उत्तर नाही," ते म्हणाले. "एका घरी एक म्हैस होती, तिच्यावरून सांगतो. फार पळकुटी. घरातली पोरं तिला हुडकत ओढ्याकाठानं दिवसभर फिरायची. पाय रक्तबंबाळ. शेवटी ती कुठंतरी निवांत चरताना दिसायची. मान वर करून बघायची, की आलात का? आता सांग, हरवलं कोण होतं? म्हशीला तिचा ठिकाणा ठाऊक होता. हिंडत होती ती पोरं. ती पोरंच तिला गवसली."

"म्हणजे शोधणाराच सापडतो?"

"शब्द वापरणाऱ्यांनी म्हशी राखल्या होत्या," महाराज म्हणाले. "त्यांना उलटं वाटलं नसेल."

माझ्या मागं मावशी अगदी बारीक हसली. म्हैस कुठल्या घरची आणि पोरं कोण ते तिला सांगायची गरज नव्हती.

मग काकांनी धीर केला. "महाराज, एक इच्छा हाय. विधी काय होता? सांगण्यासारखा असंल तर."

"रिकामे हात," ते म्हणाले. "दारात उभं राहणाऱ्याच्या जोडलेल्या हातांत काही असू नये, एवढंच. मला वाटलं होतं पहिल्याच दारात मिळेल."

काकांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या त्या पक्क्या वाटणीत सगळं होतं, फक्त काहीच नसणं कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. पुढचं इथंच सांगून टाकते: दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली रिकाम्या हातांनी उभी राहिली, आणि महाराज, नवा दिवस नवा नियम, सगळ्यांना ओलांडून शेवटच्या दारी गेले. तिथली चंपाक्का कानानं अधू होती. तिला बदल कळलाच नव्हता, ती आपली आदल्या दिवशीचा पेरू घेऊन उभी होती.

पण त्या दुपारी बस्तीत सगळे मावशीकडे वळले. बायका तिच्या पायाला हात लावू लागल्या. पुण्यवान म्हणाल्या. कुणी म्हणालं, बघा, त्रिशलाक्काला आतून कळलं, म्हणून तिनं कलश सोडला. मावशी दोन वेळा "न्हाई, न्हाई" म्हणाली आणि कुणी ऐकलं नाही. मग ती उठली. पुढं जाऊन, रीतसर अंतर राखून, महाराजांसमोर बसली.

"महाराज, मला काय कळलं नव्हतं," ती म्हणाली. "सगळी म्हणत्यात तसं काय न्हाई. कलश मी सोडला न्हाई, तो सुटला. मला मुनी दिसलेच न्हाईत. माझा आण्णा पडायलाय, एवढंच दिसलं. म्हणून हात रिकामे झाले. ते मोहानं झाले. मग तुमचा विधी..." तिला काय बोलायचं होतं ते सगळ्यांना कळलं. विधी दोषातून मिळाला असेल, तर महाराज प्रायश्चित्त घेणार. म्हणजे पुन्हा उपास. चार दिवसांनी पोटात गेलेलं पाणी तिनं स्वतःच्या तोंडानं पणाला लावलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. काका तिला खुणावत होते, "पुरे, पुरे." मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिच्याइतकं सच्चं माणूस मी पाहिलं नाही असंही वाटलं.

महाराजांनी हातातली पिंछी सरळ केली.

"मी पडत होतो?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग धरायला धावलीस. पडणाऱ्याला धरायला धावायचं, त्यात बहीण कशाला लागते?"

एवढंच म्हणाले, आणि पुढ्यातला ग्रंथ उघडून नेहमीसारखं वाचायला लागले. प्रायश्चित्ताचं नाव नाही. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, काका तर रडायलाच लागले. मावशी मात्र तिथंच बसून राहिली. हात मांडीत, नजर त्यांच्या पायांवर. त्या एका वाक्यात तिला भाऊ गवसला की होता तोही गेला, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. तिला विचारायचं धाडसही झालं नाही. दिवस कलला, जेवणाची वेळ टळत आली, तरी तिला उठवायला कुणी गेलं नाही.